गुळ्याचं पथ्य

"उपवासाच्या दळणात हे काय आणलंय?" माझ्या पुढं उभ्या असलेल्या बाईनं डब्यात डोकावून विचारलं.

"ज्वारी आणि नाचणी."

"ज्वारी कुठल्या उपवासाला चालते?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण सकाळचे साडेसहा वाजलेले, दहाला ऑफिस, घरी भाजी चिरायची तशीच पडलेली, आणि पुरेशी झोप म्हणजे काय हे मी विसरत चालले होते. "कुत्र्याच्या," मी म्हटलं.

गिरणीत पाच-सहा जणी होत्या. सगळ्या एकदम वळल्या. गिरणीवाल्या हणमंतानं तोंडावर बांधलेला पंचा खाली ओढला आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं.

हणमंताची गिरण साताऱ्याच्या गोडोलीत आमच्या बोळाच्या तोंडाशीच होती. दर सोमवारी सकाळी तो जातं झाडून-पुसून घ्यायचा आणि पहिला तास फक्त उपवासाचं दळायचा. राजगिरा, वरी, शिंगाडा. त्यानंतर दिवसभर गहूच गहू. गव्हाच्या मागून माझी ज्वारी दळली, तर जात्यात राहिलेला गहू माझ्या पिठात उतरणार. म्हणून मला नेमकी ती मधली वेळ हवी होती, उपवासवाल्या संपल्यावरची आणि गहूवाल्या सुरू व्हायच्या आधीची.

"वहिनी, आमच्या आईचं सोवळं लई कडक," हणमंत म्हणाला, "पर तिनंबी कुत्र्याला कधी उपास धरायला लावला न्हाई."

बायका हसल्या. मीही हसले. हसण्यावारी नेलं नसतं तर तिथंच रडू आलं असतं, इतकी मी त्या दिवसांत टेकीला आले होते.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. गुळ्या म्हणजे आमचा लॅब्रेडॉर. रंग गुळाच्या ढेपेसारखा, म्हणून अप्पांनी ते नाव ठेवलं. अप्पा म्हणजे माझे सासरे. साताऱ्याच्या स्टँडवर एसटीचे कंट्रोलर होते. तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या, त्यामुळं घरातही सगळं वेळेवर लागायचं. साडेबाराला जेवण म्हणजे साडेबाराला जेवण. पण सासूबाई गेल्या आणि हा माणूस खाटेवरून उठेना. अंघोळ नाही, दाढी नाही, भिंतीकडे तोंड करून नुसतं पडून राहायचं. चार महिने मी त्यांना उठवत होते, बसवत होते, भरवत होते, आणि ऑफिसातून येऊन पुन्हा तेच करत होते. माझी नोकरी एका हायस्कुलाच्या ऑफिसात. आमचे हे साखर कारखान्यावर, शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे घरात खरं तर आम्ही दोघंच.

मग ह्यांनी कारखान्यावरच्या एका मित्राकडून दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि अप्पांच्या खाटेखाली सोडून दिलं. त्यानं पहिल्याच दिवशी अप्पांची एक चप्पल फाडली. अप्पा त्याला ओरडायला म्हणून उठले ते उठलेच. दुसऱ्या आठवड्यात दाढी झाली. महिन्याभरात दोघं पहाटे किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायला लागले. मला त्या कुत्र्याचे पाय धरावेसे वाटायचे.

गुळ्याला तिसरं वर्ष लागलं आणि त्याला खाज सुटली. पंजे चावायचा, कान खाजवून रक्त काढायचा. पोटाखालचे केस गेले आणि कातडी लाल झाली. घरभर आंबूस वास. मलमं झाली, औषधी साबण झाले, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टर मुजावरांनी त्याला टेबलावर घेऊन बराच वेळ तपासलं. जनावरांचे डॉक्टर असून माणसांशी इतकं हळू बोलणारा दुसरा डॉक्टर मी पाहिला नाही.

"गहू सोसत नाही असं दिसतंय," ते म्हणाले. "चपाती घालता का?"

"रोज दोन," अप्पा म्हणाले. "कुत्र्याला दुसरं काय घालतात?"

"ती बंद करायची. गव्हाचं काहीच नको. पाव नको, टोस्ट नको, दुकानातली बिस्किटं नकोत. आठ आठवडे असं काटेकोर पाळायचं. मधे एक तुकडा जरी पोटात गेला, तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं."

"आमच्या घरात शेवटची चपाती कुत्र्याची असते, डॉक्टर. माझ्या आईच्या वेळेपासून."

"मग आता शेवटची भाकरी करा."

भाकरी, भात, भोपळा आणि उकडलेली अंडी यावर गुळ्या खूश होता. अडलं ते बिस्किटावर. अप्पांनी त्याला बिस्किटावरच शिकवलं होतं. बिस्किट दाखवल्याशिवाय तो रस्त्यावरून परत यायचा नाही, कानात औषध घालू द्यायचा नाही, की अंघोळीला उभा राहायचा नाही. बिनगव्हाची कुत्र्याची बिस्किटं साताऱ्यात तेव्हा कुठं मिळणार? मग ती मीच करायला लागले.

पहिला घाणा निव्वळ भुगा झाला. ज्वारीला गव्हासारखी चिकाटी नाही, हे भाकऱ्या थापण्यात जन्म गेलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं, पण डोकं चालत नव्हतं. दुसऱ्या वेळी भाकरीला काढतात तशी उकड काढली. उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ, मग नाचणी, शिजवलेला लाल भोपळा, भिजवलेलं जवस. मळायचं, लाटायचं, बाटलीच्या झाकणानं पाडायचं आणि नानकटाईच्या गोल ओव्हनमध्ये भाजायचं. ओव्हन लहान, एका वेळी वीसच मावायची. आठवड्याला शंभर लागायची. तोंडात घातली की लगेच विरघळायची, पण निदान हातात घेईपर्यंत एकसंध राहायची. बुधवारी संध्याकाळी एक घाणा आणि रविवारची सबंध दुपार, असं माझं चालायचं. ऑफिसातल्या बायका रविवारी कुठं कुठं जाऊन आल्याचं सांगायच्या. मी भोपळा शिजवायची.

पण गुण आला. पाच आठवड्यांत गुळ्याच्या पोटाखाली बारीक लव दिसायला लागली. कान कोरडे झाले. डॉक्टर मुजावर म्हणाले, "आणखी तीन आठवडे, वहिनी. जिंकलोच म्हणा."

नागपंचमीला आमच्यात तवा ठेवत नाहीत, म्हणून पुरणाची दिंडं उकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुळ्या पंजा चावत बसलेला. मला वाटलं, कणकेच्या त्या दिंडांतलं एखादं ह्यानं लांबवलं असणार. गेले पाच आठवडे पाण्यात. पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. पण या वेळी गुण येईना. चार दिवस जरा बरं वाटायचं आणि पुन्हा खाज. गणपतीत पोटाखालची आलेली लव गेली.

"कुठून तरी गहू जातोय," डॉक्टर म्हणाले. "शोधा."

मी शोधत सुटले. शेजारच्या पोरांना दटावलं. कचऱ्याचा डबा माडीवर नेऊन ठेवला. कणीक मळल्यावर हात साबणानं धुवायचे आणि मगच कुत्र्याला शिवायचं. चपातीचं पोळपाट वेगळं, बिस्किटांचं वेगळं. मग गिरणीचं सुचलं, आणि सोमवारच्या उपवासवाल्यांत माझा डबा जाऊन बसला. एवढं करूनही खाज थांबेना, तेव्हा मी हणमंताच्या अंगावर गेले.

"तू आधी गहू दळतोस आणि वर नुसतं फडकं मारतोस. खरं सांग."

हणमंतानं चालू गिरण बंद केली, जात्याची वरची तळी उचलून बाजूला ठेवली आणि माझा हात धरून आतल्या दगडावरून फिरवला. हाताला काही लागलं नाही.

"वीस वर्षं लोकांचे उपास माझ्या भरवशावर चाललेत, वहिनी," तो म्हणाला. "माझ्याकडं दळण नका आणू आता."

मग मी मिक्सरवर दळायला लागले. मिक्सर पंधरा दिवसांत जळला. तरी मी अप्पांना सांगितलं, काही म्हणा, गोम त्या गिरणीतच आहे. जुन्या पिठात अजून गहू असणार. अप्पा नुसतं "असेल, असेल" म्हणाले.

त्याच आठवड्यात शनिवारी हे आले. खोलीत पाऊल टाकलं आणि नाकाला रुमाल लावला. जेवताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाही झाला बरा, तर पाडेगावचा बाबूराव त्याला पोल्ट्रीवर न्यायला तयार आहे."

"पोल्ट्रीवर त्याचं पथ्य कोण करणार?" मी विचारलं.

"मग इथं तरी कोण करतंय? करून करून तुझी काय दशा झालीय ती आरशात बघ."

अप्पा ताटातला भात बोटांनी कुस्करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "दिवाळीला किती दिवस आहेत?"

"एक महिना," हे म्हणाले.

मला गुळ्या हवा होता तो मुळात गुळ्यासाठी नव्हे, हे कबूल करायला हवं. कुत्रं गेलं की अप्पा पुन्हा त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पुन्हा ते चार महिने काढायचं बळ माझ्या अंगात उरलं नव्हतं. कुत्र्याला वाचवायचं म्हणजे म्हाताऱ्याला उभं ठेवायचं, एवढा एकच हिशेब माझ्या डोक्यात होता. त्यासाठी मी पहाटे पाचला उठत होते.

अप्पांचं आपलं चाललं होतं. दुपारचं जेवण मी झाकून ठेवून जायची. दोन चपात्या, भाजी, आमटी आणि भात. बाजूला गुळ्याच्या बिस्किटांचा डबा. संध्याकाळी येऊन बघावं तर ताट घासूनपुसून ठेवलेलं, बिस्किटांचा डबा रिकामा. "आवडतात त्याला," अप्पा म्हणायचे. मला बरं वाटायचं. रात्री त्यांनी चपाती बंद केली होती. म्हणाले, या वयात रात्रीचं पातळ बरं, मऊ भात आणि ताक दे. खरं सांगते, मला तेही बरंच वाटलं. लाटायच्या दोन चपात्या कमी झाल्या.

एकदा बुधवारी मी उकडीत हात घालून बसलेले, तर अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"शालन, जरा बोलायचं होतं."

"बोला की."

"हल्ली जेवताना घास..."

"अप्पा, एक मिनिट हं. जळका वास येतोय का बघा. येतोयच." मी उठले. वीसपैकी सात काळी झाली होती. ती वेगळी काढली, दुसरी लावली, हात धुतले. मग आठवण झाली. "काय म्हणत होता?"

"काही नाही. कवळी टोचतीय."

"दिवाळी झाली की दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ. घाई नाही."

अप्पांच्या तोंडून "घाई नाही" मी जन्मात ऐकलं नव्हतं. तरी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पँट सैल झाली म्हणून त्यांनी पट्ट्याला खिळ्यानं एक भोक पाडून घेतलं होतं, तेही मी पाहिलं होतं. "फिरण्यानं पोट उतरलं तुमचं," असं वर म्हणालेही होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुळ्याचा डावा कान फुटला. रक्त आणि पू. डॉक्टर मुजावरांनी कान साफ केला आणि पहिल्यांदाच थोडे वैतागलेले दिसले. "वहिनी, हे कण-बिण नाही. हा चांगला पोटभर गहू खातोय."

"कुठून खाईल, डॉक्टर? घरात अप्पांशिवाय कुणी नसतं."

हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोलले. बोलून पिशवी उचलली, औषधं घेतली आणि घरी आले. डोक्यात उजेड पडला नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी शाळेचे जुने मुख्याध्यापक वारले. अकराला शोकसभा झाली आणि शाळा सुटली. मला कधी नव्हे ती दुपार मोकळी मिळालेली. रिक्षानं घरी आले. मनात एकच होतं, पंख्याखाली आडवं व्हायचं. साडेबारा वाजून गेले होते. पुढच्या दाराला आतून कडी होती. अप्पांना उठायला नको म्हणून मी बाजूच्या बोळकंडीतून मागं गेले.

मागच्या पायरीवर अप्पा बसले होते. मांडीवर ताट. समोर गुळ्या, शहाण्यासारखा. अप्पा चपातीचा तुकडा मोडत होते, आमटीत बुडवत होते आणि त्याला देत होते. तो खाऊन होईपर्यंत थांबत होते आणि पुढचा तुकडा मोडत होते. एक चपाती संपलेली, दुसरी अर्ध्यावर आलेली.

मी काय बोलले ते शब्दाशब्दानं आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

"अप्पा, तुम्ही? तीन महिने मी मर मर मरतेय. गिरणीत लोक माझ्या तोंडावर हसतात. त्या हणमंताला नाही नाही ते बोलले मी. आणि तुम्ही इथं बसून त्याला चपात्या चारताय? कुत्रं हवंय की नकोय तुम्हाला? नको असेल तर सांगा, मीच पाडेगावला सोडून येते. माझी तरी सुटका होऊ दे."

अप्पांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. गुळ्यानं शेपटी हलवली आणि दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"चुकलं," अप्पा म्हणाले.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या बाजूला गेलं. पायरीवर एक बशी होती. बशीत कोरा चहा आणि त्यात माझी चार बिस्किटं भिजत घातलेली. बाजूला चमचा.

"हे काय?"

"तुझी बिस्किटं."

"ती कुत्र्याची आहेत, अप्पा."

"चांगली लागतात. मीठ तेवढं नाही त्यात."

मला काही कळेना. चपाती कुत्र्याला आणि कुत्र्याचं बिस्किट स्वतःला. एक क्षण वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "आणि तुमची चपाती?" मी विचारलं.

"उतरत नाही गं."

"उतरत नाही म्हणजे?"

"इथं अडकतीय." त्यांनी छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं. "आधी पाण्यानं जायची. आता पाणीसुद्धा फिरून वर येतं. ही विरघळतात, म्हणून जातात."

मी पिशवी खाली ठेवली. कशी कुणास ठाऊक, त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"भात?"

"मऊ केला तर थोडा जातो. भाजी नाही जात."

"मग ताटात तसंच ठेवायचं ना. मला दिसलं असतं."

"दिसू नये म्हणून तर," ते म्हणाले आणि थांबले. "केराच्या डब्यात अन्न टाकायला हात होईना. हा आपला समोर बसलेला. म्हटलं, दोन घासांनी काय होतंय, जन्मभर चपातीच खाल्ली आपल्या कुत्र्यांनी. नंतर त्याची खाज बघून मनात यायचं, की हे माझ्यामुळं तर नसेल. पण तू म्हणालीस गिरणीतून येतंय. मग मीही तेच धरून चाललो."

"मला सांगितलं का नाही?"

ते गुळ्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मनगटाचं हाड केवढं वर आलं होतं. दंड माझ्या दंडाहून बारीक झाला होता. हा माणूस रोज माझ्यासमोर बसून मऊ भात खात होता आणि मी त्याच वेळी खाली वाकून गुळ्याचे पंजे तपासत होते. मला पहिल्यांदा राग आला तो कुत्र्यासाठी, आणि तो मी ह्या माणसावर काढला. त्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

गुळ्या पुढं आठ आठवड्यांत बरा झाला. वासही गेला. ह्यांनी पाडेगावचं नाव पुन्हा काढलं नाही. हणमंताकडं मी स्वतः गेले आणि दुकानभर बायका असताना चुकले म्हणाले. तो म्हणाला, "दळण आणलंय का ते सांगा." अप्पांचं दुखणं मात्र अन्ननलिकेतलं होतं. फार आत गेलेलं. पुण्याला नेलं, जे जे करायचं ते केलं. ते पुढच्या आषाढापर्यंत होते. शेवटी शेवटी फिरायला जायचं म्हणजे गुळ्यानं त्यांना फाटकापर्यंत नेऊन आणायचं, एवढंच उरलं होतं.

पण मला सारखं आठवतं ते यातलं काही नाही. आठवतो तो पहिला दिवस, मागच्या पायरीवरून उठवून मी त्यांना तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तो. डॉक्टर तरुण होता. आमच्या आधी बरेच पेशंट तपासून झालेले दिसत होते. त्यानं अप्पांचं वजन केलं, पोट दाबून बघितलं आणि लिहायला बसला.

"किती दिवस झाले गिळायला त्रास होतोय?"

"आठ-दहा दिवस," अप्पा म्हणाले.

"आजोबा, आठ-दहा दिवसांत माणूस एवढा उतरत नाही. घरचं कोण आहे बरोबर? तुम्हाला काही अंदाज?"

मला अंदाज होता. मला तारखा पाठ होत्या. गुळ्यानं पुन्हा पंजा चावायला घेतला तो दिवस, पोटाखालची लव गेली तो आठवडा, कान फुटला ती सकाळ. प्रत्येक वेळी मी पुन्हा एकपासून मोजलं होतं, त्यामुळं एकही दिवस इकडचा तिकडं होणं शक्य नव्हतं.

"नागपंचमीपासून," मी म्हटलं. "त्या दिवसापासून चपातीचा एखादा घास मागं राहायला लागला. गणपतीत दोनांतली अर्धी मागं राहायला लागली. नवरात्रात एकच जात होती, तीही पाण्याबरोबर. दसऱ्यापासून चपाती पूर्ण बंद. आता मऊ भात आणि भिजवलेली बिस्किटं, एवढंच."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. त्यानं पेन खाली ठेवलं.

"इतकं व्यवस्थित कुणी सांगत नाही हो," तो म्हणाला. "लोकांना कालचं आठवत नाही. मुलगी का?"

"सून," अप्पा म्हणाले.

"नशीबवान आहात, आजोबा. इतकं बारीक लक्ष असतं तुमच्यावर."

मी खाली बघत बसले. आता अप्पा सांगतील, असं मला वाटलं. सांगावं असंही वाटलं. त्या खोलीत मला दोन शब्द कुणीतरी ऐकवायला हवे होते. अप्पांनी शर्टाची बटणं लावली. शेवटचं बटण हाताला सापडेना, म्हणून मी पुढं होऊन लावून दिलं.

"हो," ते डॉक्टरांना म्हणाले. "पण फार दमते बिचारी. म्हणून सांगत नव्हतो."